चिलका सरोवराचा हजेरीपट



कामगार संघटनेच्या माणसाने ओडिशातील एका सरोवरावर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव आणण्याची आमची इच्छा नाही. पण कामगारांची गाऱ्हाणी मांडता मांडता एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो आहोत. गाऱ्हाणे कितीही खरे असो, त्यामागे वही नसेल तर ते टिकत नाही. कामगार म्हणतो, खात्यात धूळ वाढली. व्यवस्थापक म्हणतो, पूर्वीही एवढीच होती. अशा वेळी पूर्वी किती होती हे ज्याने तारीखवार लिहून ठेवले असेल, त्याचाच शब्द चालतो. चिलका सरोवराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आम्ही या नजरेने वाचला. सरोवर आजारी आहे की सुदृढ, हे कोणी, कधी आणि कोणासाठी लिहून ठेवले, हा आजचा आमचा विषय आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. बंगालच्या उपसागराच्या काठी, पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत चिलका पसरले आहे. भूगोलाच्या पुस्तकात याला खाजण म्हणतात. कोकणात खाजण म्हणजे बांध घालून खाडीतून काढलेली जमीन, तेव्हा त्या शब्दाने घोटाळा होऊ नये म्हणून आम्ही सरोवरच म्हणतो. लांबी सुमारे ६५ किलोमीटर. उन्हाळ्यात पाण्याचा विस्तार सुमारे ९०६ चौरस किलोमीटर असतो, तोच पावसाळ्यात ११६५ चौरस किलोमीटरपर्यंत जातो. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखा गोडे पाणी आणि गाळ आणतात. पूर्वेला वाळूची एक लांबच लांब पट्टी सरोवराला समुद्रापासून वेगळे करते, आणि त्या पट्टीतील मुखातून भरतीचे खारे पाणी आत शिरते. गोडे आणि खारे यांचा हा संसार आहे. उत्तर भाग बराचसा गोडा, मुखाजवळचा भाग समुद्रासारखा, आणि मधला भाग ऋतूप्रमाणे बदलणारा. बोय, कोळंबी, खेकडे यांची पिले समुद्राकडून आत येतात, येथे वाढतात आणि अंडी घालण्यास पुन्हा समुद्राकडे जातात. म्हणजे मुख हे या सरोवराचे तोंडही आहे आणि नाकही. ते बंद झाले की सरोवर गुदमरते. काठच्या दीडशेच्या आसपास गावांतील सुमारे दोन लाख माणसांची चूल या पाण्यावर पेटते.

या मुखाशी मराठ्यांच्या इतिहासाचाही संबंध आहे. १७५१ साली अलीवर्दीखानाकडून ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला आणि तो १८०३ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्या वर्षी सप्टेंबरात कर्नल हार्कोर्ट याची इंग्रज पलटण गंजामहून निघाली, ती चिलका आणि समुद्र यांच्यामधल्या याच वाळूच्या पट्टीवरून. एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सरोवर, अशा चिंचोळ्या वाटेवर माणिकपट्टण येथे मराठ्यांची चौकी होती. मुखाचे पाणी ओलांडताना थोडक्या सैन्यालाही मोठी फौज अडवून धरता आली असती. पण चौकी लढली नाही, मालुदच्या फत्ते महंमदाने इंग्रजांना साहाय्य केले, आणि पलटण काही दिवसांत पुरीस पोहोचली. डिसेंबरात देवगावचा तह झाला व ओडिशा गेला. आमच्या बखरींतून लढायांची वर्णने भरपूर आहेत. परंतु त्या मुखाची रुंदी किती, खोली किती, भरतीला पाणी किती चढे, हे पन्नास वर्षांच्या अमलात कोणी लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात आले नाही. राज्य गेले आणि त्याबरोबर सरोवराची आमच्या काळातील स्थितीही विस्मृतीत गेली.

इंग्रजांनी लिहून ठेवले, पण तेही प्रथम आपल्या गरजेपुरते. हंटरसाहेबाने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या ओडिशाच्या वृत्तांतात नमूद केले आहे की, अठराव्या शतकाच्या अखेरीस रुंद असलेले मुख वाळूने भरत गेले आणि १८२५ च्या सुमारास ते कृत्रिम रीतीने खोदावे लागले. तो खोदही लवकरच गाळाने भरू लागला. ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे. किनाऱ्याने वाहणारी वाळू मुखाला उत्तरेकडे ढकलीत नेते आणि अरुंद करते, हा चिलक्याचा जुना रोग आहे. तो विसाव्या शतकात नव्याने उद्‌भवला नाही. मात्र सरकारला त्या वेळी चिंता होती ती महानदीचा पूर कोठून बाहेर काढावा याची, आणि मिठाच्या उत्पन्नाची. माशांची आणि मासे धरणाऱ्यांची मोजदाद त्या दप्तरात फारशी नाही.

खऱ्या अर्थाने पहिली वही उघडली ती कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील नेल्सन अॅनंडेल या शास्त्रज्ञाने. १९१४ च्या सुमारास त्याने आणि त्याचा सहकारी स्टॅन्ली केम्प याने चिलक्याची पद्धतशीर पाहणी आरंभिली. पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण खाते स्थापन झाले, त्याचा अॅनंडेल हा पहिला संचालक. १९१५ पासून चिलक्याच्या प्राणिसृष्टीवर त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. शिंपले, किडे, कोळंब्या, मासे, आणि सरोवरात येणारा इरावदी डॉल्फिन, अशी ती यादी आहे. बारकुदा बेटावर त्याला पाय नसलेला, सापासारखा दिसणारा एक सरडा सापडला. त्या बेटाचे नावच त्या प्राण्याला मिळाले. अॅनंडेल १९२४ साली वारला आणि वही मिटली.

येथे क्षणभर थांबून एक भेद समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या विषयाचा तो गाभा आहे. एकदाच केलेली पाहणी आणि वर्षानुवर्षे ठेवलेली नजर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिलक्याचे पाणी तुम्ही सप्टेंबरात उत्तरेस चाखाल तर ते गोडे लागेल. मे महिन्यात मुखाजवळ चाखाल तर समुद्राचे. दोघांपैकी खोटे कोणीच नाही. एका दिवसाच्या पाण्यावरून सरोवराची प्रकृती ठरविणे म्हणजे एका दिवसाच्या हजेरीवरून कारखान्याचा कारभार ठरविण्यासारखे आहे. त्या दिवशी जत्रा असेल, पाऊस असेल, पगार झालेला असेल. म्हणून हजेरीपटाला तीन अटी असतात. ठिकाणे ठरलेली हवीत, दिवस ठरलेले हवेत, आणि मोजण्याची रीत दर वेळी तीच हवी. बाटली तेथेच बुडवायची, पांढरी चकती पाण्यात सोडून ती कोठवर दिसते हे तसेच पाहायचे, पाण्यातील विरघळलेला प्राणवायू त्याच पद्धतीने मोजायचा. असे दहा वर्षे केले म्हणजे ऋतूची चढउतार कोणती आणि आजाराची चढउतार कोणती, हे वेगळे दिसू लागते. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात शोध लागल्याचा आनंद क्वचित मिळतो. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे कंटाळवाण्या कामाला कमी लेखीत नाही.

स्वातंत्र्यानंतर दुसरी वही उघडली. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५७ ते १९६५ या काळात चिलक्यातील मासेमारीचा अभ्यास केला. झिंग्रन आणि नटराजन यांनी त्याचा वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध केला. ही मोजणी पाण्यात कमी आणि धक्क्यावर अधिक होते. कोणत्या धक्क्यावर, कोणत्या जाळ्याने, कोणत्या जातीचा किती मासा उतरला, आणि तो केवढा होता, हे पाहावे लागते. मासा लहान होऊ लागला की वजन तेच असूनही सरोवर खंगत आहे असे समजावे. याच काळात, १९५९ साली, कोळ्यांच्या सहकारी संस्थांची मध्यवर्ती विक्री संस्था स्थापन झाली. सरोवराचे तुकडे ठेक्याने दिले जात. ते मध्यवर्ती संस्थेने घ्यावेत, गावोगावच्या प्राथमिक संस्थांना द्यावेत, आणि सावकार मध्ये येऊ नये, असा बेत होता. केउट, कंडरा, तिअर, नोलिया अशा निरनिराळ्या जमातींची जाळी आणि सापळे निराळे, मासेमारीच्या जागा निराळ्या, आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. कोणी कोठे काय धरावे याचा तो अलिखित नियमच होता. शास्त्रज्ञाचा तक्ता आणि कोळ्याचा नियम हे दोन्ही सरोवर राखण्याचेच मार्ग आहेत. दुर्दैवाने दोघांची गाठ फार उशिरा पडली.

१९६५ नंतर वहीची पाने पुन्हा विरळ झाली. प्राणिसर्वेक्षण खात्याने दुसरी मोठी पाहणी केली ती १९८५ नंतरच्या वर्षांत. त्या सुमारास चिलक्यात सुमारे ८०० प्राणिजातींची नोंद झाली. मधल्या काळात सरोवराला मानाच्या पदव्या मिळत होत्या. १९८१ साली पाणथळ जागांविषयीच्या रामसर कराराखाली भारतातील जी पहिली ठिकाणे नोंदली गेली त्यांत चिलका होते. १९८७ साली नलबन बेट पक्ष्यांचे अभयारण्य झाले. आणि त्याच काळात सरोवर आतून खंगत होते. उत्तरेकडून दरवर्षी लाखो टन गाळ येत होता. मुख उत्तरेकडे सरकत सरकत दूर गेले होते, तेथवर जाणारा पाण्याचा मार्ग लांब आणि वाकडा झाला होता, त्यामुळे भरती आत पोहोचेना. पाण्याचा खारटपणा उतरला, तसे गोड्या पाण्यातील नळ, जलपर्णी आणि शेवाळ शेकडो चौरस किलोमीटरवर माजले. कोळंबीची पिले आत येईनात. १९८५ नंतरच्या वर्षांत साडेआठ हजार टनांच्या घरात असलेले माशांचे उत्पन्न १९९५-९६ साली तेराशे टनांच्याही खाली आले. दहा वर्षांत दोन लाख माणसांचे ताट सहा हिश्श्यांनी रिकामे झाले, असा याचा अर्थ. १९९३ साली चिलक्याचे नाव धोक्यात असलेल्या पाणथळांच्या माँट्रो यादीत गेले.

आता यात दुसरी एक कथा मिसळलेली आहे, आणि ती गाळली तर आमचे बोलणे अपुरे राहील. जगाच्या बाजारात कोळंबीला भाव आला. चिलक्याच्या उथळ पाण्यात बांध आणि जाळ्या घालून कोळंबी वाढविण्याचा धंदा सुरू झाला. या कुंपणांना तेथे घेरी म्हणतात. कोळ्यांच्या पिढीजात जागा कुंपणात गेल्या. ज्यांनी कधी जाळे हाती धरले नव्हते अशांच्या हाती पैसा आणि पाणी दोन्ही गेले. सरकारच्या भागीदारीत एक मोठा कोळंबी प्रकल्पही ठरला होता. १९९१-९२ साली कोळी आणि विद्यार्थी यांनी चिलका बचाव आंदोलन उभे केले आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चिलका व पुलिकत या सरोवरांच्या एक हजार मीटर परिसरात कोळंबीपालनाच्या उद्योगास मनाई केली. निकाल लागला, घेऱ्या राहिल्या. २९ मे १९९९ रोजी कोळ्यांनी स्वतःच घेऱ्या मोडावयास सुरुवात केली, आणि त्या रात्री सोराना गावी पोलिसांच्या गोळीबारात चौघे मृत्युमुखी पडले.

श्रोतेहो, त्या वर्षी कोणत्याही शास्त्रीय तक्त्यात सोरानाचा रकाना नव्हता. पाण्याच्या खारटपणाला रकाना आहे, पक्ष्यांना आहे, शेवाळाला आहे. परंतु पाण्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाला नाही. आमची तक्रार एवढीच आहे, आणि ती आम्ही पुढे पुन्हा मांडणार आहोत.

परंतु वहीने काय केले तेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९९१ साली ओडिशा सरकारने चिलका विकास प्राधिकरण स्थापन केले. रोगाचे निदान करावयाचे तर अंदाजाने मुख खोदून चालणार नव्हते. १८२५ चा खोद बुजला होता हे सर्वांना ठाऊक होते. भरती किती, वाळू कोणत्या दिशेने किती वाहते, पात्राची खोली कोठे किती, ही मापे घेण्यात आली आणि ती आली आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात. तेथे गणिती प्रतिरूप तयार करून मुख कोठे काढावे याचा अभ्यास झाला. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुदा येथे नवे मुख खुले करण्यात आले. समुद्राकडे जाणारी वाट सुमारे १८ किलोमीटरांनी कमी झाली. भरती पुन्हा आत आली, खारटपणा वाढला, गोड्या पाण्यातील तण मागे हटले, पिले आत शिरली. २००१-०२ साली माशांचे उत्पन्न बारा हजार टनांच्या जवळ गेले. नोव्हेंबर २००२ मध्ये माँट्रो यादीतून चिलक्याचे नाव काढण्यात आले; तसे नाव निघालेले ते आशियातील पहिले ठिकाण होय. त्याच वर्षी रामसर पुरस्कारही मिळाला.

आमच्या मते खरी परीक्षा पुरस्कारानंतर सुरू होते. बरा झालेला रोगी दवाखान्यात येणे सोडतो. चिलक्याच्या बाबतीत तसे झाले नाही, हे त्या प्राधिकरणाला श्रेय आहे. तीसहून अधिक ठरलेल्या ठिकाणी दर महिन्याला पाण्याची तपासणी होते. बारकुल येथे संशोधन केंद्र आहे. धक्क्यांवर माशांची मोजणी चालते. दर हिवाळ्यात पक्ष्यांची गणना होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक या कामात सहभागी होत आले आहेत, आणि अलीकडच्या गणनांत संख्या दहा लाखांच्या वर जाते. नावा एकाच वेळी सोडून डॉल्फिन मोजले जातात. ते दीडशेच्या आसपास भरतात. समुद्रगवताची कुरणे वाढली की घटली, हे आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून पाहतात.

या सर्व आकड्यांचा अर्थ सामान्य माणसाला कसा लागावा? त्यासाठी २०१२ साली अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या सहकार्याने सरोवराची चक्क गुणपत्रिका तयार करण्यात आली. शाळेतल्या पोराची असते तशीच. पाणी, मासे आणि जीववैविध्य असे तीन विषय, प्रत्येकात पोटविषय, सरोवराच्या प्रत्येक भागाला निराळे गुण, आणि एकूण श्रेणी ‘बी’. ही कल्पना आम्हाला फार आवडली. पंचवीस पानांचा तांत्रिक अहवाल कपाटात जातो, गुणपत्रिका मात्र बाप मागून घेतो. मंत्र्यालाही ती समजते आणि कोळणीलाही. गुण कोणत्या विषयात कमी पडले हे कळले की जाब कोणाला विचारावा हेही कळते.

ही वही चालू ठेवण्याची गरज का आहे, हे निसर्गानेच दाखवून दिले. २००८ साली गाबाकुंडाजवळ आणखी एक मुख आपोआप फुटले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ गोपाळपूरजवळ येऊन आदळले आणि पुराच्या गोड्या पाण्याने सरोवर भरून गेले. ३ मे २०१९ रोजी फनी वादळ पुरीजवळ धडकले. वाळूची पट्टी फुटून नवी तोंडे झाली आणि समुद्राचे पाणी जास्त आत आले. एकदा गोडे अति, एकदा खारे अति. अशा वेळी मागची मापे हाताशी नसती तर प्रत्येक वादळानंतर नवा तज्ज्ञ आला असता आणि नवा खोद सुचवून गेला असता. वही असली की म्हणता येते, थांबा, दोन पावसाळे पाहू, मग बोलू. कधी कधी काही न करण्याचे धैर्यही आकडेच देतात.

आता आमची राहिलेली तक्रार. मासे वाढले, हे गुणपत्रिका सांगते. ते कोणाच्या जाळ्यात गेले, हे सांगत नाही. नवे मुख खुले झाल्यावर कोळंबी वाढली, आणि तिच्यामागोमाग घेऱ्याही पुन्हा वाढल्या. प्रशासनाने त्या वेळोवेळी मोडल्या, २०१९ नंतर मोठ्या प्रमाणावर मोडल्या, आणि दर वेळी काही पुन्हा उभ्या राहिल्या. बारा हजार टन हा आकडा दोन लाख माणसांत वाटला गेला की काही घेरीमालकांत, यावर त्या किनाऱ्यावरचे खरे आरोग्य ठरते. कारखान्याचे उत्पादन वाढले म्हणजे मजुरी वाढली असे नव्हे, हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून सरोवराच्या बाबतीतही आम्ही तो प्रश्न विचारतो. दर महिन्याला बाटली बुडवून पाणी मोजता येते, तर दर महिन्याला गावच्या संस्थेत जाऊन कोळ्याच्या हाती काय पडले, सावकाराकडे काय गेले, पोरगे शिकते आहे की गाव सोडून दूरच्या गिरणीत गेले आहे, हेही मोजता येईल. त्यासाठी चकती लागत नाही. विचारण्याची इच्छा लागते.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञाचे काम शास्त्र, हक्कांचे काम न्यायालयाचे. हा युक्तिवाद दिसायला सरळ आहे. परंतु १९९६ चा निकाल असूनही १९९९ साली सोराना घडले, याचे एक कारण हे की, निकालाची अंमलबजावणी कोठवर आली याचा मासिक हिशेब जनतेसमोर येत नव्हता. घेऱ्यांनी किती पाणी व्यापले आहे, हा आकडा खारटपणाच्या आकड्याइतकाच नेमाने प्रसिद्ध होत असता, तर कोळ्यांना हातात कुऱ्हाड घेण्यापूर्वी हातात कागद घेता आला असता. कागदाने गोळी अडते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्याजवळ कागद आहे त्याला ऐकून घ्यावे लागते, एवढा आमचा अनुभव आहे.

आपल्याकडे काय, असे आपण विचाराल. ठाण्याची खाडी २०२२ साली रामसर यादीत आली. म्हणजे १९८१ साली चिलका ज्या पायरीवर उभे होते, त्या पायरीवर आज आपली एक खाडी उभी आहे. पदवी मिळाली आहे, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे तिचे काय होते हे कोणी पाहील यावर सारे अवलंबून आहे. फ्लेमिंगो पाहावयास नगरवासी जातात, छायाचित्रे काढतात, हे चांगलेच आहे. त्यांनी परतताना खाडीकाठच्या कोळीवाड्यातही डोकवावे. जाळ्यात पूर्वी काय येत होते आणि आज काय येते, हे तेथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. ते कोणीतरी तारीख घालून, जागा घालून, दर महिन्याला लिहावयास बसले पाहिजे. चारपाच शिक्षक, दोनचार महाविद्यालयीन मुले आणि कोळ्यांची एक सोसायटी, एवढ्यांनी हे काम सुरू होते. अॅनंडेल गेल्यावर चिलक्याची वही तीस वर्षांहून अधिक काळ मिटली होती, आणि १९६५ नंतर आणखी वीस वर्षे विरळ राहिली. त्या कोऱ्या पानांची किंमत कोळ्यांनी भरली. आपल्या खाडीची वही आता कोठे उघडली जात आहे. तिची पाने भरण्याचे काम सरकारी नोकराच्या बदलीबरोबर थांबू नये, एवढी काळजी नगरवाचनालयात बसणाऱ्या माणसांनाही घेता येईल.